जिन्याखालचा पान्हा

रडत होती ती जिन्याखालची पिल्लं. यशो माझ्या मांडीवर गाढ झोपलेली होती. आणि माझा गाऊन छातीपाशी ओला झाला.

आधी वाटलं, यशोनं दूध काढलं. तिचं तोंड पुसलं तर कोरडं. गळा चाचपला, तोही कोरडा. मग दुसऱ्या बाजूलाही ती कळ आली, आतून कुणी बारीक दोरा ओढावा तशी. याच कळेसाठी मी इतके दिवस भिंतीला टेकून, डोळे मिटून बसत होते. सासूबाईंचे मेथीचे लाडू खात होते, जिऱ्याचं पाणी पीत होते, शेजारणींनी सांगितलेलं सगळं करत होते. तेव्हा ती आली नाही. आणि आली ती कुत्रीच्या पिल्लांच्या कुईंकुईंवर.

विचार करायला वेळ नव्हता. यशोला तशीच झोपेत छातीशी लावली. तिनं डोळे न उघडता ओढायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं घुटके ऐकू आले. रिकामं ओढणं आणि घुटका यातला फरक मला आता अंधारातही कळतो. हे खरे घुटके होते. मी हललेसुद्धा नाही. बाहेर पिल्लं रडत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, रडा. अजून थोडं रडा.

आमचं क्वार्टर भिलाईत, स्टील प्लांटच्या सेक्टरात, तळमजल्यावर आहे. एका जिन्याला चार घरं. जिन्याखालच्या पोकळीत कुणाचा तरी गंजलेला कूलर पडलाय, वरच्या मजल्यावरच्या खुशबूच्या मुलाची एक चाक गेलेली सायकल पडलीय, आणि कूलरच्या मागे भूरी व्याली होती. भूरी कुणाची नाही, ब्लॉकची आहे. आमच्या स्वयंपाकघराची जाळी नेमकी तिथंच उघडते. मी बाळंत होऊन माहेरून, राजनांदगावहून आले तेव्हा ती पोट ओढत फिरत होती, आणि मीच नवऱ्याच्या, अमरच्या मागं लागले होते. ही इथून हटव. गोचीड असतात, पिसवा असतात, नखं असतात, तान्हं बाळ आहे घरात. रोज सकाळ-संध्याकाळ तेच. अमर कंटाळून म्हणायचा, "शालू, मी कोक ओव्हनमधून घरी येतो की कोर्टात येतो?"

मी झूऑलॉजी घेऊन एम.एस्सी. केलंय. लग्नाआधी दुर्गच्या एका कोचिंगमध्ये शिकवतही होते. काय काय रोग होऊ शकतात हे मला जरा जास्तच माहीत आहे.

पण यशोला झाला तो रोग नव्हता, ती उपाशी होती. तिसरा महिना सरता सरता माझं दूध आटायला लागलं. का, कुणाला सांगता येईना. डब्याचं दूध देऊन पाहिलं तर ओकली, अंगभर गांधी उठल्या, लंगोटात रक्ताची रेघ दिसली. डॉक्टरीणबाईंनी डबा लगेच बंद करायला लावला. म्हणाल्या, "माँ का दूध ही टिकाइए. अगली बार वज़न नहीं बढ़ा तो भर्ती करके देखना पड़ेगा. और टेंशन बिलकुल मत लीजिए."

टेंशन घेऊ नका असं म्हटल्यावर कुणाला येत नाही? मी यशोला पाजायला घ्यायचे तेव्हा तिच्याकडे अशी बघायचे, जशी परीक्षेला बसलेल्या मुलांकडे बघायचे. गाल हलतात का? गळा हलतो का? आणि मी जितकं बघायचे तितकं अंग आवळून जायचं. पान्हा छातीत नसतो, डोक्यात असतो, हे मीच फळ्यावर बाण काढून शिकवलेलं. मेंदूनं हुकूम सोडला की दूध सुटतं. माझा मेंदू यशो रडली की घाबरायचा आणि हुकूम सोडायला विसरायचा. पिल्लांच्या रडण्याला घाबरायचं त्याला काही कारणच नव्हतं. ते काय माझं बाळ होतं?

हे असं समजावून सांगता येतं. समजावून सांगितलं म्हणून शांत मात्र वाटत नाही.

त्या दिवसापासून मी यशोला स्वयंपाकघरात, जाळीपाशी बसून पाजायला लागले. भूरी खायला शोधायला गेली की पिल्लं कुईंकुईं सुरू करायची. मी भाजी तशीच टाकून, हात पुसून, यशोला उचलून पाटावर बसायचे. आणि यायचं. दर वेळी नाही, पण बहुतेकदा. यशो हाताची मूठ सोडून झोपायला लागली. सासूबाईंना वाटलं, त्यांच्या लाडवांनी गुण दिला.

"पाय, मी म्हनलं होतं न," त्या म्हणाल्या. "मेथीले तोड नाई. पण इथं गार फरशीवर कावून बसते? थंडी लागन लेकरीले."

"इथं ऊन येतं, आई."

त्यांनी जाळीकडे बघितलं. तिथं ऊन कधीच येत नाही. तरी त्यांनी एक गोधडी आणून माझ्या पाठीमागे घातली.

कुणाला सांगणार होते? आणि काय म्हणून सांगणार? माझी मुलगी रडते तेव्हा माझं अंग मुकं होतं, आणि कुत्रीची पिल्लं रडली की पान्हा फुटतो, असं? खुशबूनं ऐकलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या ब्लॉकला कळलं असतं.

मला भलतेच विचार सुचायला लागले होते. वर्गात मी एक गोष्ट हमखास सांगायचे, कारण ती ऐकून मागच्या बाकावरची मुलंही फोन खाली ठेवायची. पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि बाळ जन्मल्यावरही वर्षानुवर्षं तिथंच राहतात. म्हणजे आई एकटी कधीच नसते. तेव्हा हे सांगताना छान वाटायचं. आता जाळीपाशी बसून मी विचार करायचे, माझ्यात यशो आहे, यशोत मी आहे, दोरीवरच्या दुपट्यांवर प्लांटची लाल धूळ बसते ती रोज आमच्या दोघींच्या श्वासात जाते, आणि आता या पिल्लांच्या आवाजाला माझ्या अंगात शिरायला वाट सापडलीय. मग मी म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत? दार कुठाय याला? आणि जे कुणालाही आत येऊ देतं, ते उद्या यशोलाच बाहेर ठेवणार नाही कशावरून?

एकदा दुपारी यशो जोरात रडली तेव्हा भूरी पिल्लांना पाजत होती. ती ताडकन उठली. पिल्लं गळून खाली पडली. कान टवकारून ती जाळीतून थेट आमच्याकडे बघत राहिली. मी दचकून यशोला पदराखाली घेतलं. एवढंच. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

परसात हिवाळ्याचं ऊन छान येतं. तिथं एका दुपारी मामाजी आणि सासूबाई तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी निवडत बसले होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे पंजाबराव, भिलाई-तीनच्या पुढं चरोदा यार्डात रेल्वेत होते. आता रिटायर झालेत. दर रविवारी आणि पौर्णिमेला पांढरे कपडे घालून रुआबांध्याच्या विहारात जातात, आणि तिथं ऐकलेलं घरी आल्यावर आम्हाला ऐकवतात.

मी यशोला उन्हात तेल लावत होते. विचारून टाकलं.

"मामाजी, आपलं शरीर आपलंच असतं का हो?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कावून? तब्येत बरी नाई का?"

"असंच विचारते."

"हं. पाय, मी यार्डात रेक बनवाचो. वॅगनले वॅगन लावत गेलं का आमी म्हनो, गाडी तयार. गार्डसाहेब आले, नंबर भेटला, नाव भेटलं. उद्या त्येच वॅगन सोडले. थोडे बोकारोले गेले, थोडे विझागले. मंग सांग, गाडी कुठी गेली?"

"गाडी होतीच कुठं? वॅगनच होते."

"हाव!" ते एकदम खूश झाले. "आपलं बी तसंच. जोडलं हाय तवर मी, मी, करून राहिलो."

"रिटायर होऊन इतके वर्स झाले," सासूबाई भाजीवरून मान न उचलता म्हणाल्या, "अजून वॅगनच जोडून राहिले. काड्या वेगळ्या काढा, पानात टाकू नका."

"पण मामाजी," मी म्हटलं, "एखादा वॅगन चुकून दुसऱ्याच गाडीला लागला तर?"

"तर त्या गाडीचा. वॅगनले काय समजते?" ते हसले, आणि मग थोडं थांबून म्हणाले, "यार्डमास्टरले मात्र समजे. मले मेमो भेटला होता एकदा."

सासूबाई हसल्या, मीही हसले. पण मनात आलं, माझ्यावरही मेमो येणार. कुणाकडून ते माहीत नाही, पण येणार.

अमरला सांगायचं ठरवलं. तो रात्रपाळी करून सकाळी आला, बूट काढले, पलंगावर आडवा झाला. मी बाजूला बसले.

"अमर, ते कुत्रीचं..."

"अरे यार शालू," तो डोळे मिटूनच म्हणाला, "बाबांना बोललोय मी. करतील ते काहीतरी. सोने दे ना."

"नाही, ऐक. राहू देत सध्या. मला..."

तो घोरायला लागला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला. झोपेतून उठवून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी दूधवाल्याची वाट बघत जिन्यात उभी होते तर वरून खुशबू उतरली. "भाभी, गुड न्यूज़! ग्रुप पे डाल दिया है मैंने. एक आदमी मिल गया है. बोरे में भरके रसमड़ा साइड छोड़ आएगा, फैक्ट्रियों के पीछे. खत्म रोज़ की चिकचिक."

"अभी तो बहुत छोटे हैं," मी म्हटलं. "थोड़े दिन रुक जाते..."

"लो! आप ही तो बोलती थीं, बेबी को इन्फेक्शन हो जाएगा. अब आपको दया आ रही है?"

दया नव्हती ती, हे मी तिला कसं सांगणार? मला पिल्लांचं रडणं हवं होतं. म्हणजे त्यांची भूक हवी होती. भूरी उशिरा यावी असंही मला वाटायचं, आणि ते वाटलं की मी यशोच्या केसांत तोंड लपवायचे.

पौर्णिमेच्या दिवशी यशोचं वजन करायचं होतं. सासूबाई बरोबर आल्या. काट्यावर तिला उघडी ठेवली तेव्हा मी भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत राहिले. मी बघितलं तर काटा हलणार नाही असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. नर्स म्हणाली, "अरे वाह." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुड. बढ़ रहा है. जो कर रही हैं, वही करते रहिए."

जो कर रही हैं! ऑटोत मला हसू आवरेना. सासूबाईंना वाटलं आनंदानं हसतेय. त्यांनी वाटेत थांबवून जिलेबी घेतली.

घरी आलो. ऑटोतून उतरतानाच मला ते जाणवलं. जिन्याखाली आवाज नव्हता. भूरी कूलरभोवती फिरत होती, सायकलीखाली नाक घालत होती, पुन्हा कूलरमागे जात होती. तिथं नुसतं गोणपाट पडलं होतं.

दारात मामाजी उभे होते. पांढरे कपडे, नुकतेच विहारातून आलेले. चेहरा असा, जसा आपल्यासाठी काहीतरी आणून पाठीमागे लपवलेल्या माणसाचा असतो.

"तुह्या मनासारखं झालं, पोरी," ते म्हणाले. "ते वरची बाई बोऱ्यात भरून फेकाले निघाली होती. पौर्णिमेच्या दिवशी जीवहत्या डोळ्यानं पायची का? म्हनलं, आपनच नेऊ. खोक्यात घातले न विहारात सोडून आलो. अंगण हाय, भिंत हाय. रुक्माबाई दूध-भात टाकते त्याइले. ना तुले तरास, ना त्याइले."

"आणि भूरी?"

"ते तर ब्लॉकची हाय. जुनी हाय. तिले कावून हलवाचं? तिनं काय केलं?"

ते इतके खूश होते. इतके दिवस मीच मागितलेलं होतं ते.

त्या दुपारी यशोला घेऊन जाळीपाशी बसले. नाही आलं. संध्याकाळी पुन्हा बसले. यशोनं ओढलं, सोडलं, ओढलं, आणि मग माझ्याकडे बघून अशी रडली, जसं काही मी तिचं काहीतरी लपवून ठेवलंय. सासूबाई लाडू घेऊन आल्या. मी खाल्ला. पिल्लांचं रडणं आठवून बघितलं, तोंडानं बारीक कुईं करून बघितलं, फोनवर शोधून कुठल्या तरी परक्या पिल्लांचा व्हिडिओ लावून बघितला. काही नाही. माझं मलाच हसू आलं, आणि लगेच रडू.

भूरी सारखी फिरत होती. रस्त्यापर्यंत जायची, परत यायची, प्रत्येक दाराच्या उंबरठ्याची फट हुंगायची. तिचे सड दुधानं तट्ट भरून लोंबत होते. माझ्याकडे लेकरू होतं आणि दूध नव्हतं. तिच्याकडे दूध होतं आणि लेकरं नव्हती. एकच वस्तू कुणी मधोमध मोडून दोघींना वाटून दिली असावी तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशो पुन्हा रडायला लागली. भुकेचं रडणं, दम लागून मध्येच तुटणारं. सासूबाई केर काढत होत्या, दार उघडं होतं. मी तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझारा घालत होते. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "हाऽड! हाऽड! कुठी आली घरात!"

भूरी उंबरठ्यात उभी होती. तिनं आजवर कधी कुणाच्या घरात पाय टाकला नव्हता. पुढचे पाय आत, मागचे बाहेर. सासूबाईंनी झाडू उगारला तरी ती हलली नाही. ती यशोकडे बघत होती. यशो रडली की तिचे कान पुढं यायचे. आणि तिच्या पोटाखाली, आमच्या लाल कोब्यावर, पांढरे थेंब पडत होते. टप. टप. मग नुसते थेंब नाही, बारीक धार.

"आई, थांबा," मी म्हटलं. "मारू नका."

सासूबाईंनाही ते दिसलं होतं. झाडू हळूच खाली आला. "अगं माय," त्या म्हणाल्या. "हे तर पान्हावून राहिली. आपल्या यशोच्या रडण्यावर."

मला एकदम सगळं सांगावंसं वाटलं, आणि सांगून टाकलं. उभ्या उभ्या, यशो खांद्यावर रडत असताना. पिल्लांचं, जाळीचं, ऊन येतं म्हणून खोटं बोलले त्याचं. लाडवांचंही. म्हटलं, "मला वाटलं माझ्यातच काही बिघडलंय. आपल्या लेकरासाठी येत नाही न कुत्र्यांसाठी येतं. पण आई, हिच्यात काय बिघडलंय? हिला पण येतं न."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील.

"म्हंजे मी खलबत्त्यात हात मोडून मेथी कुटून राहिली," त्या म्हणाल्या, "न तू कुत्रीच्या भरवशावर बसून राहिली? मले सांगता नाई आलं?"

"काय सांगू?"

"हेच. आता सांगतलं तसं." मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अवो! ऐकलं का? कपडे घाला. तुमचं पुण्य वापस आनाले जायचं हाय."

मामाजींना सगळं सांगितलं तेव्हा ते आधी लाजले, कारण गोष्ट छातीच्या दुधाची होती आणि ते सासरे होते. भिंतीकडे बघत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "डबे घेऊन गेलो, न इंजिन मांगंच राह्यलं. इतके वर्स नोकरी केली, न असं शंटिंग कधी केलं नाई मी."

आम्ही ऑटो केला. मामाजी, मी आणि यशो. भूरी थोडं अंतर मागं पळाली, मग चौकात थांबली. मी वळून बघत होते तोवर ती तिथंच उभी होती.

विहाराच्या अंगणात, भिंतीच्या कडेला खोकं होतं. रुक्माबाई, तिथली झाडलोट बघणाऱ्या म्हाताऱ्या उपासिका, आम्हाला बघून लगबगीनं आल्या. "जय भीम, भाऊ. बरं झालं आले. कालपासून तोंड नाई लावलं कशाले. बशी ठेवली, बोट बुडवून चाटवलं. थुकून टाकते."

डब्याचं दूध, मला आठवलं. अंगभर उठलेल्या गांधी.

पिल्लं मला बघून, किंवा नुसती चाहूल लागून, रडायला लागली. बारीक, घसा बसलेला आवाज. मी यशोला घेऊन तिथंच पायरीवर बसले, पदर घेतला, आणि वाट बघितली. हाच तो आवाज होता. याच आवाजावर येत होतं.

नाही आलं.

पिल्लं रडत होती, यशो रडत होती. मामाजी पाठ फिरवून उभे होते आणि रुक्माबाई म्हणत होत्या, "होते बाई होते, होते बाई होते." आणि मी ऐकत होते, कान फाडून ऐकत होते, आणि माझ्या अंगात काहीही हललं नाही. आता तेही दार बंद झालं, मला वाटलं. आता भरती. आता सुया, नळ्या. मी पिल्लांकडे बघितलं तर ती अगदी परकी दिसली. चिकट डोळ्यांची, थरथरणारी, कुणाची तरी. यशोकडे बघितलं. क्षणभर तीही तशीच दिसली. तो क्षण मी कुणाला सांगितलेला नाही.

"चला, मामाजी," मी म्हटलं. "लवकर चला."

येताना खोकं माझ्या पायांशी होतं. पिल्लं हळूहळू गप्प झाली. यशो रडून रडून झोपली. ऑटोवाल्याला सगळा प्रकार काही कळेना. "क्या लेके जा रहे हो, चाचा?" त्यानं विचारलं.

"बेटी के बच्चे," मामाजी म्हणाले, आणि मग स्वतःच गोंधळून बाहेर बघायला लागले.

भूरी चौकातच होती. ऑटो वळला आणि तिनं ओळखलं. कसं ओळखलं ते मी शिकवलेल्या कुठल्याच धड्यात नाही. ती धावत आली, चाकाच्या इतकी जवळ की ऑटोवाल्यानं शिवी हासडली. ब्लॉकपर्यंत ती बाजूनं पळत राहिली, आणि पळताना तिच्या घशातून एक आवाज येत होता. भुंकणं नाही, केकाटणंही नाही. मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

मामाजींनी खोकं कूलरमागे नेऊन आडवं केलं. पिल्लं बाहेर लोळली. भूरी त्यांच्यावर पडलीच जवळजवळ. एकेकाला चाटलं, उलटं केलं, पुन्हा चाटलं, आणि मग कुशीवर झाली. पिल्लं चाचपडत चढली. एक चुकून सायकलच्या चाकाकडे जात होतं, त्याला मामाजींनी बोटानं वळवलं.

मग एकदम शांत झालं. कुणीच रडत नव्हतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. आणि तिथं, काही ऐकू येत नसताना, ती कळ आली. दोन्हीकडून. इतक्या जोरात, की माझ्या तोंडून "आई गं" निघालं.

यशोला लावली. झोपेतच तिनं घेतलं.

वरून खुशबूची चप्पल वाजली. ती अर्ध्या जिन्यात येऊन थांबली. "भाभी! ये वापस? और आप यहाँ नीचे बैठ के... इन्फेक्शन हो जाएगा!"

मी काही म्हणायच्या आत सासूबाई दारातून बाहेर आल्या. कमरेला पदर खोचलेला, हातात अजून झाडू. त्यांचं हिंदी भांडणापुरतंच आहे, पण तेवढं पक्कं आहे. "ये पिल्ले हमारे घर के हैं," त्या म्हणाल्या. "ग्रुप पे डाल देना. बोरावाले को बोलना, मेरा नाम लेके, वच्छलाबाई का घर पूछ के आए."

खुशबू एकदा झाडूकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. "आप लोग भी ना," म्हणत वर गेली.

मामाजी आत जाऊन उगाच रेडिओचं बटण फिरवत बसले. सासूबाईंनी गोधडी आणून माझ्या पाठीमागे घातली, या वेळी काही न विचारता. भूरीचे डोळे अर्धे मिटले होते. तिच्याकडून घुटके ऐकू येत होते, माझ्याकडूनही. कोणता कुणाचा, मी वेगळे करायला गेले. कान दिला. हा यशोचा, हा त्या काळ्या पिल्लाचा, हा पुन्हा...

यशोचं ओढणं रिकामं झालं. घुटका थांबला.

मी चटकन लक्ष काढून घेतलं. कूलरच्या गंजलेल्या पत्र्याकडे बघत बसले, जसं काही माझं इथं कामच नाही, मी आपली नुसती टेकलेय. पत्र्यावर लाल धुळीचा थर होता. त्यावर कुणाच्या तरी बोटाची रेघ होती.

घुटका पुन्हा सुरू झाला.